सोमवारचं इंजिन

कुर्ल्यात, सीएसटी रोडला,
इंजिनं दुकानांपुढं बसलेली असतात
तेलकट ताडपत्रीवर, पाय पोटाशी घेऊन.
त्यांच्या गाड्या कुठं गेल्या
कुणी विचारत नाही.

मी विचारतो.
मिठाच्या खात्यात एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो,
साहेबाआधी गाडीची खुशाली घ्यायची सवय.

माझी जीप सन साठची. खात्यानं लिलावात काढली
तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडून घेतली,
हे तिनं अजून विसरलेलं नाही.
भांडुपच्या मिठागरांतल्या बांधांवरून
दुसऱ्या गिअरात नेली हिला,
उजवीकडं खाडी, डावीकडं वाफे,
मधे गाडीपेक्षा वीतभर जास्त रुंद माती.
मिठानं पत्रा तीनदा खाल्ला.
ब्लॉक टिकला, ह्या मार्चपर्यंत.
मग डिपस्टिकला दूध लागलं.

‘केसाएवढी तर चीर आहे,’ मी म्हटलं.
‘बुडायला तेवढी पुरते,’ रझाक मुकादम म्हणाला.
मेकॅनिक खरा, पण दाभोळचा,
बाप-आजा होड्यांवर गेलेले.

जावई म्हणतो, डिझेल टाका, हिशेब बघा.
हिशेब बरोबर आहे त्याचा.
प्यूजोचं डिझेल तिथंच होतं, पुजेला बसल्यासारखं.
रझाकनं टेप लावला:
चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकतो,
आडवी पट्टी कापावी लागेल,
रेडिएटर पुढं ढकलावा लागेल, बॉनेटला कुबड.
इंजिन गाडीत बसवायचं
की गाडी इंजिनात?

नुरुद्दीनशेठनं मग जपानी दाखवलं,
अर्ध्या कापून आलेल्या टोयोटातलं.
निळा रंग इतका ताजा की डोकं दुखलं.
रंगाखाली काय,
ते रंगवणाऱ्यालाच ठाऊक.

‘हिला घेऊन जायचंय कुठं?’
रझाकनं पाना पुसत विचारलं.
नातू लडाख म्हणतो. जावई लोणावळा.
मी काहीच म्हटलं नव्हतं आजवर.
बांधाला आता फाटक आहे, फाटकाला कुलूप,
आणि वॉचमन मला ओळखत नाही.
‘फाटकापर्यंत,’ मी म्हटलं. ‘अडीच किलोमीटर.
अडीच परत.’
‘मग अ‍ॅव्हरेज कशाचं काढताय, चाचा?’

गोणपाटाखाली, मागच्या शेडमधे,
एक लाल इंजिन होतं.
शेठ ते दाखवायला लाजत होता.
तीच चार सिलिंडरं, तोच ओतीव ब्लॉक,
पण गाडीतलं नव्हे.
शिवडीच्या तेल डेपोतल्या आगीच्या पंपाचं.
दर सोमवारी दहा वाजता चालू करायचे,
दहा मिनिटं, वहीत सही, बंद.
चौतीस वर्षं.
आग लागलीच नाही.

रझाकनं हेड उघडलं,
सिलिंडरच्या कडेनं नख फिरवलं.
नख कुठंच अडलं नाही.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
‘हे म्हातारं झालंय, थकलेलं नाही.’

गव्हर्नर काढून टाकला. फ्लायव्हील माझं चढवलं,
कार्ब्युरेटर माझा. लाल रंग राहू दिला.
वडाळ्याच्या आरटीओत
कारकुनानं इंजिन नंबर दोनदा वाचला,
आधीच्या गाडीचं पुस्तक मागितलं.
‘गाडी नव्हती, पंप होता.’
‘मग पंपाचं आणा.’
चार खेपा झाल्या. पाचवीला
डेपोनं दिलेली ती सह्यांची वही टेबलावर ठेवली.
त्यानं पानं उलटली, सोमवार, सोमवार, सोमवार,
आणि शिक्का उचलला.

रविवारी सकाळी काढली.
बायको शेजारी बसली, पदर घट्ट खोचून,
पाटल्यांबद्दल काही न बोलता.
दुसरा गिअर.
आठ मिनिटं झाली. नऊ.
दहाव्याला इंजिनाचा सूर जरासा खाली आला,
की मला वाटलं तसं,
कुणीतरी आता येईल, सही करील, चावी फिरवील.
मी अ‍ॅक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा दाब दिला.
अकरावं मिनिट.

पुढं फाटक. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.
काय हवंय, त्यानं हातानंच विचारलं.
मी इंजिन बंद केलं नाही.